लुकास इंजेक्शनची एअर काढताना: भोसरीच्या शेडमधल्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवाळीनंतर हातात घेतलेलं पहिलं काम. इंजिन कॉसवर्थ बीडीए (ब्रिटिश रेसिंग इंजिन), १६०१ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बाजूला लुकासचं मेकॅनिकल इंजेक्शन आणि वर स्लाइड थ्रॉटल. ही जात १९६९ मध्ये आली. आमच्याकडचं इंजिन एका सिंगल सीटर रेसिंग कारमधून निघालेलं आहे आणि बावीस वर्षं सुरू झालेलं नाही. खालचं काम (बेअरिंग, रिंगा, व्हॉल्व्ह) मालकांनी आधीच दुसरीकडून करून घेतलंय, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं येतंय. माझ्याकडे फक्त इंधनाची बाजू आहे: स्टँडवर इंजिन सुरू करून दाखवायचं.

कार्ब्युरेटरचं इंजिन वर्षानुवर्षं पडलं असलं तरी फ्लोट भरला की बोलायला लागतं. इथे तसं नाही. पंप ते इंजेक्टर सगळी वाट इंधनाने गच्च भरलेली असेल तरच इंजेक्टर उघडतो. ही वाट कशी भरायची याबद्दल मला हवी तेवढी स्पष्ट माहिती मिळाली नाही, म्हणून या नोंदी. चुकाही तशाच ठेवतोय.

मांडणी अशी: स्टँडच्या वर दहा लिटरची ॲल्युमिनियमची टाकी, तिच्याखाली फिल्टर, त्याखाली बॉशचा इलेक्ट्रिक पंप. या जातीच्या पंपाला ढकलता येतं, ओढता येत नाही, त्यामुळे तो टाकीच्या खालीच हवा. पंपानंतर एक टी. टीच्या एका फाट्यावर रिलीफ व्हॉल्व्ह, तिथून जादा पेट्रोल टाकीत परत. दुसऱ्या फाट्यावरून १.४ मीटर होज थेट मीटरिंग युनिटला, जे प्रत्येक इंजेक्टरला पेट्रोल मोजून देतं. गेज टीपाशीच. युनिटमधून चार नायलॉनच्या नळ्या चार इंजेक्टरना. ट्रायम्फ टीआर ६ या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला हीच लुकासची पद्धत १०६ ते ११० पीएसआयवर चालते, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह साडेसात किलोवर लावला, म्हणजे साधारण १०६ पीएसआय.

पंप चालू केला, गेज झटकन साडेसातवर. सेल्फ मारला. आठ-आठ सेकंदांचे दहा प्रयत्न, मध्ये एकेक मिनिट विश्रांती, आणि बॅटरी वाचावी म्हणून विश्रांतीत पंप बंद. काही नाही. प्लग काढून पाहिले तर चारही कोरडे. बॅटरी बसली. भाचा म्हणाला, "मामा, गेजवर प्रेशर तर पूर्ण आहे." मलाही तेच वाटत होतं, आणि पुढचे चौदा दिवस मी याच समजुतीवर घालवले.

५ नोव्हेंबर, बुधवार

ट्रम्पेटमध्ये (हवा आत घेणाऱ्या उघड्या नळकांड्यांत) पिचकारीने थोडं थोडं पेट्रोल मारलं, प्रत्येकी साधारण दोन मिली. पहिल्या सेल्फला इंजिन दोन सेकंद जोरात बोललं, खोकलं, दुसऱ्या नंबरच्या ट्रम्पेटमधून हातभर ज्वाळ आली आणि बंद पडलं. यातून एक गोष्ट पक्की झाली: ठिणगी बरोबर, टायमिंग बरोबर, कॉम्प्रेशन बरोबर. कमी आहे ते फक्त इंजेक्टरमधून येणारं पेट्रोल.

पिचकारीवर पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा मोह मी टाळला. जास्त पेट्रोल मारलं तर ते भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि एखाद्या सिलिंडरमध्ये साचलं तर पिस्टन वर येताना ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे करणाऱ्यांनी डोक्यात ठेवावं. शिवाय ज्वाळ येते तेव्हा वर वाकलेलं कोणी नसावं. पावडरचं अग्निशामक आता स्टँडच्या पायाशी नाही, माझ्या हाताच्या अंतरावर बाकावर ठेवलंय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवार असल्यामुळे दुपारपर्यंत लाइट नव्हती. लेथ बंद, म्हणून मीटर घेऊन बसलो. सेल्फ फिरत असताना बॅटरी ९.१ व्होल्टवर येते आणि गेज साडेसातवरून साडेचारवर. इंजेक्टर उघडतो साधारण साडेतीन किलोला (५० पीएसआय). म्हणजे हातात फारसं काही उरतच नाही.

पंपाला वेगळी बॅटरी दिली, ४,२०० रुपये. आता सेल्फ मारतानाही गेज सातच्या वर राहतं. रेसिंगमध्ये ही अडचण जुनीच. १९६७ मध्ये नेदरलँड्समधल्या झँडवोर्टला पहिल्याच शर्यतीत जिंकलेल्या कॉसवर्थच्याच डीएफव्ही या फॉर्म्युला वन इंजिनावर इंजिनाने फिरणारा इंधन पंप होता, पण सेल्फच्या वेगाला तो पुरेसा दाब देत नाही, म्हणून सुरू करण्यापुरता वेगळा इलेक्ट्रिक पंप लागायचा.

सुधारणा खरी, पण इंजिन तरीही बोललं नाही. प्लग कोरडेच.

८ नोव्हेंबर, शनिवार

इथे मोठी चूक केली. मीटरिंग युनिट जॅम झालंय असं ठरवलं आणि ते उतरवलं. उतरवण्याआधी बेल्ट आणि पुलीवर खूण केली नाही. संध्याकाळची घाई होती, एवढंच कारण.

युनिट उघडलं तर आत काही जॅम नव्हतं. आत एक रोटर, रोटरच्या पोटात शटल. पेट्रोलचा दाब शटलला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ढकलतो आणि प्रत्येक वेळी सरकताना शटल आपल्यापुढचं मोजलेलं पेट्रोल एका इंजेक्टरला देतं. रोटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक नळीला क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक ठोका. शटल बोटाने ढकलल्यावर अलगद सरकत होतं.

पण रोटरवर बारीक ओरखडे दिसले. या रोटरला ऑइल मिळत नाही, पेट्रोल हेच त्याचं वंगण. रविवारी आम्ही ऐंशी सेकंद तो कोरडा फिरवला. नखाला लागत नाहीत इतके हलके आहेत, ऑइलस्टोनची गरज पडली नाही, पण ते माझ्यामुळे पडलेत हे इथे लिहून ठेवतो. यानंतर युनिटपर्यंत पेट्रोल पोहोचल्याची खात्री असल्याशिवाय सेल्फला हात लावायचा नाही असं भाच्यालाही सांगितलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

युनिटच्या शाफ्टचे सील फुगलेत. सहा दिवसांपूर्वी हाताला कडक लागत होते, आता कडा लुसलुशीत आणि वर आलेल्या. ड्रेनच्या भोकातून पेट्रोल ठिबकत होतं ते यामुळेच.

काचेच्या मेजपात्रात शंभर मिली पंपावरचं साधं पेट्रोल आणि दहा मिली पाणी घेतलं, हलवून ठेवलं. खालचा थर दहावरून जवळपास तिसावर गेला. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोलमध्ये राहत नाही. विसात एक भाग नव्हे, शंभरात वीस. पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराने हे कधी पाहिलेलंच नाही. शंभर ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलवर हीच चाचणी केली, तिथे थर दहावरच राहिला. यापुढे तेच. लिटरला साधारण १६० रुपये जातात, पण एक जुना सील त्यापेक्षा महाग पडतो.

बोहरी आळीत व्हायटॉनच्या (पेट्रोल सोसणाऱ्या रबराच्या) ओ-रिंगा मिळाल्या, सगळ्या मिळून ४८० रुपये. शाफ्टचे ओठवाले सील मात्र इथे त्या मापात नाहीत. इंग्लंडहून किट मागवलं, कस्टमसकट ९,४००. अठरा दिवस थांबावं लागणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

इंजेक्टर तपासायला निगडीला ट्रान्सपोर्टनगरीत डिझेल पंपवाल्या काकांकडे गेलो. तीस वर्षं पंप-नोझलचंच काम. त्यांच्या नोझल टेस्टरवर इंजेक्टर लावला, हँडल दाबलं, इंजेक्टरने फवारा टाकला आणि गेजचा काटा जागचा हलला नाही. त्यांचं गेज सहाशे किलोचं, आमचा इंजेक्टर साडेतीनला उघडणारा. दहा किलोचं गेज जुन्या बाजारातून सकाळीच घेतलं होतं (६५० रुपये), ते लावलं. चारपैकी तीन इंजेक्टर ३.४ ते ३.६ मध्ये उघडले, कोन छान, धुक्यासारखा. चौथा ३.१ ला उघडला आणि बंद झाल्यावरही थेंब गाळत होता. काकांनी तो अल्ट्रासोनिकमध्ये वीस मिनिटं ठेवला, जुन्या पेट्रोलचं लाखेसारखं तपकिरी बाहेर आलं, मग तोही सुधारला.

काम संपल्यावर त्यांनी विचारलं, "एअर कुठून काढतोस?"

मी म्हणालो, "काका, प्रेशर साडेसात आहे. गेज स्थिर आहे."

"अरे, हवा दाबलीस तरी गेज साडेसातच दाखवणार. मी विचारतोय, हवा बाहेर पडते कुठून?"

मी कागदावर लाइन काढून दाखवली. टीपासून युनिटपर्यंतच्या होजवर त्यांनी बोट ठेवलं. "ही बंद गल्ली आहे. इथली हवा जाणार कुठे?"

मला तिथे बसवेना. मी पुरंदरच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर वाढलो. टाकी कोरडी पडली की आजोबा आधी फिल्टरचा बोल्ट ढिला करायचे, मग पंपाचा, मग नोझलचं युनियन, आणि फेस थांबून नुसतं डिझेल आलं की आवळायचे. दहा वर्षांचा असताना मी पाना धरून उभा असायचो. डिझेल पंपावर हवा काढायला स्क्रू असतो, हाताचा प्रायमर असतो. या लुकासच्या लाइनवर तसा स्क्रू नाही, म्हणून हवा असते हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं.

काकांनी टेस्टिंगचे ८०० रुपये घेतले, या प्रश्नाचे काही घेतले नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रात्री हिशेब केला. ज्याला हे काम करायचंय त्याने आपल्या मापांनी करावा, फार उपयोगी पडतो.

होज आतून ८ मिमी, लांबी १.४ मीटर, पोटात सुमारे ७० मिली. पंप चालू केला की ही ७० मिली हवा पळून जात नाही, दाबली जाते. साडेसात किलोला ती साडेआठ मिली होते. हवा वर चढते, आणि आमच्या स्टँडवर या होजची सगळ्यात उंच जागा म्हणजे युनिटचं तोंड. म्हणजे पंप, गेज, होज सगळीकडे पेट्रोल आणि शटलच्या तोंडाशी तेवढी हवा.

पुढे नळ्या. आतून २ मिमी, लांबी ५५ सेंमी, प्रत्येकी १.७ मिली. शटल पूर्ण फ्युएलवर एका ठोक्याला साधारण ५० घन मिलीमीटर देतं, आयडलच्या जागेवर त्याच्या निम्म्याहून कमी, समजा वीस. नळी भरायला पूर्ण फ्युएलवर पस्तीस ठोके, म्हणजे क्रँकच्या सत्तर फेऱ्या, सेल्फच्या १८० आरपीएमला तेवीस सेकंद. आयडलवर तेच जवळपास एक मिनिट. आम्ही सगळे प्रयत्न थ्रॉटल बंद ठेवून केले होते.

त्यातही नळीतली हवा साडेचार पट दाबली गेल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाही. नळी तीन चतुर्थांशाहून जास्त भरेपर्यंत एकही फवारा नाही. आणि बॅटरी वाचवायला दर वेळी पंप बंद करत होतो, दहा मिनिटांत गेज शून्यावर यायचं, होजमधली हवा परत फुगून पेट्रोल मागे ढकलायची. एका मिनिटाच्या विश्रांतीतही काटा निम्म्यावर आलेला असायचा. प्रत्येक प्रयत्न आधीच्या प्रयत्नाचं काम पुसत होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

युनिटच्या तोंडाला साधं युनियन होतं, त्याजागी बँजो (पोकळ बोल्टवर बसणारा कडीसारखा जोड) बसवला आणि बँजोच्या बोल्टला वरून ४ मिमीचं भोक पाडून त्यात ब्रेकच्या कॅलिपरचा ब्लीडर निपल (हवा काढायचा पोकळ स्क्रू) टॅप केला. निपल नाना पेठेत ६० रुपयांना मिळाला, तांब्याचे वायसर धरून. लेथवर दीड तास.

युनिटचे सील अजून यायचेत, म्हणून बँजोचं दुसरं टोक सध्या बंद करून फक्त होज तपासली. निपलला पारदर्शक नळी, नळी बाटलीत. पंप चालू, निपल पाऊण वळसा ढिला. आधी फुसफुस, मग पांढरा फेस, मग फेसात गोळे, मग स्वच्छ. दोनशे मिली काढलं तेव्हा शेवटचे बुडबुडे थांबले. पंप चालू असतानाच निपल आवळायचा, बंद करून नाही, नाहीतर हवा परत शिरते.

सहा मिनिटांचं काम.

३० नोव्हेंबर, रविवार

किट काल आलं. सील बदलले, व्हायटॉनच्या ओ-रिंगा घातल्या. इंजिनावर चढवण्याआधी युनिट बाकावर फिरवायचं ठरवलं. पेट्रोलऐवजी एमटीओ, म्हणजे रंगवाल्यांकडचं मिनरल टर्पेंटाइन. तेही पेटतं, पण पेट्रोलसारखी वाफ धरत नाही, आणि रोटरला थोडं जास्त स्निग्ध. दहा लिटर, १,४०० रुपये.

युनिटच्या शाफ्टच्या नटवर सॉकेट, सॉकेटला बॅटरीचा ड्रिल, खालच्या गिअरला ४०० आरपीएम. फिरण्याची दिशा पाहून घ्यावी. थ्रॉटलचा आर्म पूर्ण फ्युएलवर बांधला. इंजेक्टर चार बाटल्यांत. आधी निपलमधून हवा काढली, मग ड्रिल.

पहिल्या तीन सेकंदांत काही नाही. मग एक नंबरच्या बाटलीत टर्रर्र, पाठोपाठ दुसरी, चौथी, तिसरी. चारही नळ्या बोटांत धरल्या. दर ठोक्याला नळी बोटाला टोचते, नाडी लागावी तशी. हवा असलेल्या नळीला ही नाडी लागत नाही, किंवा लागली तर मऊ, दबलेली लागते. टीआर ६ वाले लोक इंजेक्टरची एअर काढताना नळीच हातात धरतात असं वाचलं होतं, आज बोटांना कळलं. हीच सगळ्यात भरवशाची तपासणी आहे, गेजपेक्षाही.

मग माप. ५०० फेऱ्या, ७५ सेकंद. बाटल्यांत २५, २५, २१, २५.

तिसरा कमी. लगेच इंजेक्टरवर संशय घेतला आणि तिसरा-पहिला अदलाबदल केला. पुन्हा २५, २५, २१, २५. इंजेक्टर बदलला तरी कमीपणा तिसऱ्या नळीबरोबरच राहिला. शटल एकच आहे, ते चौघांना तेवढंच मोजून देतं, मग चार मिली गेलं कुठे? सगळ्या बाकावर एमटीओ सांडलेलं असल्याने दिसत नव्हतं. बाक पुसून खाली वर्तमानपत्र अंथरलं तेव्हा युनिटकडच्या युनियनखाली डाग उमटला. नायलॉनची नळी पितळी टोकावर चढवलेली असते, तिथे केसाएवढी चीर. १९५६ च्या ल माँ शर्यतीत जॅग्वारच्या इंजेक्शनवाल्या डी-टाइपचा अशाच एका तडकलेल्या इंधननळीने बराच वेळ खाल्ला होता. मी चीर गेलेला सेंटिमीटर कापला, नळी गरम पाण्यात मऊ करून परत चढवली. गॅसची ज्योत नायलॉनला दाखवू नये, ते बाहेरून शिजतं आणि आतून कडक राहतं.

तिसरं माप: २५, २५, २५, २५. भाच्याने फोटो काढून मालकांना पाठवला.

७ डिसेंबर, रविवार

८ नोव्हेंबरला न केलेल्या खुणेची किंमत आज दिली. पूर्ण दिवस.

युनिटची पुली कुठल्या दाताला होती याची काही निशाणी नाही. पुस्तकात पहिल्या सिलिंडरची इंजेक्शन सुरू होण्याची जागा अंशांत दिलीय, पण युनिटमध्ये पोर्ट नेमका कधी उघडतो हे बाहेरून दिसत नाही. शेवटी पेट्रोललाच सांगायला लावलं. पहिला इंजेक्टर बाहेर बाटलीत, पंप चालू, आणि युनिटचा शाफ्ट हाताने अगदी सावकाश फिरवला. पोर्ट उघडला की शटल सरकतं, 'टक्' असा आवाज येतो आणि बाटलीत एक फुंकर पडते. तीच जागा. चार वेळा केलं, चारही वेळा दोन अंशांच्या आत. क्रँक डिग्री प्लेटवर पुस्तकातल्या जागी आणला, बेल्ट चढवला, परत 'टक्' तपासलं.

पहिल्या वेळी बेल्ट ताणताना एक दात सरकला होता. दुसऱ्यांदा नीट. मग पुली, बेल्ट आणि ब्लॉकवर पिवळ्या रंगाची रेघ मारली.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी साडेसात, शेडमध्ये ११ अंश. मालक आले होते.

क्रम लिहितो, कारण आता तो जमलाय. प्लग बाहेर, इग्निशन बंद, पंप बंद, इंजेक्टर जागेवर. आधी युनिटमध्ये पेट्रोल आहे याची खात्री: पंप पाच सेकंद, निपलमधून एक घोट, स्वच्छ. मग पंप चालू ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून सेल्फ दहा सेकंद, भाच्याची बोटं नळ्यांवर. "एक लागली. चार लागली. मामा, दोन पण." तिसरी अजून दहा सेकंदांनी. त्याच फेऱ्यांत ऑइलचं प्रेशर आलं. पंप बंद. दोन मिनिटं थांबलो, प्लगच्या भोकांतून सेल्फने एकदा फिरवून साचलेलं उडवून दिलं. हे करताना इग्निशनची वायर काढलेली होती आणि भोकांसमोर कोणी नव्हतं. प्लग चढवले.

मग इग्निशन, पंप, एनरिचमेंटचा (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा) लिव्हर ओढला, थ्रॉटल जेमतेम चिरेएवढा उघडा. पहिला सेल्फ, दोन फुसके. दुसरा, एक सिलिंडर. तिसऱ्याला चारही. पिचकारीची गरज लागली नाही.

शेडचा पत्रा थरथरला. मालक काही बोलले नाहीत, एका हाताने स्टँडचा पाइप धरून उभे राहिले.

चाळीस सेकंदांनी धूर काळा झाला आणि बंद पडलं. एनरिचमेंटचा लिव्हर परत येत नव्हता, केबल कडक. ग्रीस घालून सोडवली. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा पहिल्या सेल्फला. दोन हजारांवर स्थिर.

मग गरम झाल्यावर नवी अडचण. बारा मिनिटांनी पंप किंचाळू लागला, गेज सातवरून पाचवर, पाचवरून चारवर, आणि इंजिन तडतडत थांबलं. टाकीला हात लावला तर कोमट नाही, चांगली गरम. लगेच परत सुरू होईना. तासाभराने थंड झाल्यावर निपल उघडला, परत फेस.

१८ डिसेंबर, गुरुवार

लाइट नाही, विचार करायला वेळ. पंप मिनिटाला लिटरपेक्षा जास्त फिरवतो, इंजिन आयडलला त्यातलं थोडंसंच पितं, बाकी सगळं रिलीफ व्हॉल्व्हमधून दाब सोडून, गरम होऊन टाकीत परत. दहा लिटरच्या टाकीत बारा मिनिटांत सगळं पेट्रोल किमान एकदा पंपातून जाऊन आलेलं असतं. झाकणातून टॉर्च मारून पाहिलं: परतीची नळी वरून, पेट्रोलच्या पृष्ठभागावर पडते, आणि तिच्या बरोबर खाली पंपाला जाणारं तोंड. धबधब्याखाली घागर धरावी तसं. फेस थेट पंपाच्या पोटात जात होता. गेला महिनाभर आम्ही निपलमधून हवा बाहेर काढत होतो आणि टाकीकडून तीच हवा आत पाठवत होतो.

हे मी मांडणी करतानाच पाहायला हवं होतं. टाकी मी स्वतः बनवली होती.

२१ डिसेंबर, रविवार

वीस लिटरची टाकी, ३,६०० रुपये. परतीची नळी दुसऱ्या टोकाला, तळापर्यंत नेलेली, म्हणजे पेट्रोलच्या खालीच उघडते. मध्ये भोकं पाडलेला पत्रा आडवा. पंपाचं तोंड पलीकडे, तळापासून दोन सेंमी वर. पंप स्टँडच्या एक्झॉस्टच्या बाजूला होता तो दुसऱ्या बाजूला नेला.

चौदा लिटर भरलं. निपलमधून हवा काढली, पन्नास मिलीत स्वच्छ. महिन्यापूर्वी यालाच दोनशे लागले होते. दुसऱ्या सेल्फला सुरू. पंचवीस मिनिटं चालवलं, शेवटची पाच मिनिटं चार हजारांवर. गेज साडेसातला चिकटलेलं. पंपाचा आवाज सुरुवातीला होता तोच. बंद करून दहा मिनिटांनी गरम असताना पुन्हा सुरू केलं, पहिल्या सेल्फला.

ऑइल काढून वास घेतला. पेट्रोलचा वास नाही, पातळीही वाढलेली नाही. युनिटचे सील धरतायत.

२५ डिसेंबर, गुरुवार

खर्च: पंप ११,५००, किट ९,४००, बॅटरी ४,२००, टाकी ३,६००, होज आणि जोड २,३००, एमटीओ १,४००, तीस लिटर चांगलं पेट्रोल ४,८००, बाकी गेज, टेस्टिंग, ओ-रिंगा, निपल मिळून १,९९०. एकूण ३९,१९०. माझे आणि भाच्याचे तास बावन्न, त्यातले एकतीस चुकीच्या दिशेने.

मालक पुढच्या महिन्यात नेतील, तोवर इंजिन पेट्रोल आत ठेवून उभं करायचं नाही. टाकी रिकामी केली, दोन लिटर एमटीओमध्ये शंभर मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून पंप चालवला, निपलमधून काढलं, मग प्लग काढून सेल्फने फिरवत चारही नळ्यांतून नाडी लागेपर्यंत सोडलं. इंजेक्टरच्या टोकांना टोप्या. निपलला लाल टोपी, आणि तिच्याखाली भाच्याने चिठ्ठी बांधली: "आधी इथून. मग सेल्फ."